तीन टेकड्या, तीन मुठी माती: नागपूरच्या आसपास खडकावरून माती ओळखायची पहिली फेरी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी सतरा पिशव्या माती गोळा केली होती. मार्गदर्शक सरांनी त्यातली एक उघडली, चिमूटभर माती पाण्यात धुतली, उरलेले कण भिंगाखाली धरले आणि विचारलं, "ही कुठली?"

"काटोल रोडची, सर. बेसाल्टच्या टेकडीवरची."

"बेसाल्टच्या टेकडीवर इतकी गार कुठून आली?"

मला प्रश्नच कळला नाही. गार म्हणजे गारगोटी, पुस्तकातलं क्वार्ट्झ, एवढं माहीत होतं. पण बेसाल्टमध्ये ती नसते, निदान कण म्हणून अशी मुबलक तर नसतेच, हे डोक्यात बसलं नव्हतं. झालं असं होतं की मी टेकडीवर चढायचा कंटाळा करून रस्त्याच्या कडेची माती भरली होती. ती माती टेकडीची नव्हतीच. रस्त्याच्या कामाला कुठूनतरी टिप्परने आणून टाकलेली रेती आणि भराव होता तो. सतरापैकी नऊ पिशव्या त्या दिवशी फेकून दिल्या.

आता दर हिवाळ्यात दोन-चार नवख्या मंडळींना घेऊन मी तीच फेरी करते. कुणी भूगोलाचे विद्यार्थी असतात, कुणी नुसतेच हौशी. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहितेय.

नागपूरच का, तर शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट (म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड) आहे, उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म, आणि पुढे मनसर-रामटेकला अतिप्राचीन रूपांतरित खडक. हे सगळं साधारण साठ किलोमीटरच्या पट्ट्यात. पाऊस सगळीकडे जवळजवळ तेवढाच, हजार-अकराशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यातलं ऊनही तेच. म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून फक्त दगड बदलून बघायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ही सोय नाही. महाबळेश्वरचा खडकही बेसाल्टच, पण तिथे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे त्याच दगडाचा जांभा होऊन बसतो आणि माती लाल. महाबळेश्वर आणि आपल्या काटोल रोडवरची फेटरी (पहिली टेकडी तिथलीच) शेजारी ठेवून बघितलं तर फरक दगडाचा की पावसाचा, हे नवख्याला सुटणार नाही. म्हणून पहिली फेरी एकाच पावसाखालची करा.

१. आधी नकाशा बघा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर नागपूर जिल्ह्याचा भूवैज्ञानिक नकाशा बघायला मिळतो. तो उघडा आणि तीन गोष्टी शोधा: डेक्कन ट्रॅप (म्हणजे आपला बेसाल्ट), कामठी (वालुकाश्म), आणि सौसर (मनसर-रामटेकचे रूपांतरित खडक). पुस्तकात 'कामठी' हे खडकांच्या एका समूहाचंच नाव आहे, आपल्या कामठीवरूनच पडलेलं. मनसरचंही तसंच. आपण ज्या स्टॉपवर चहा पितो त्याचं नाव कोट्यवधी वर्षांच्या खडकाला लागलेलं बघून मला पहिल्यांदा उगाचच छाती फुगल्यासारखं झालं होतं.

नकाशावर दोन रंग जिथे भिडतात ती रेषा टाळा. तिथे काय खालचं आणि काय वरून घरंगळलेलं, हे ठरवता येत नाही. रंगाच्या पट्ट्यात चांगलं आत जाऊन टेकडी निवडा.

२. सामान

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळवाल्याचं चालतं. स्वस्त घेतलं तरी चालेल, पण काचेचं घ्या. प्लास्टिकच्या भिंगावर दुसऱ्याच दिवशी ओरखडे पडतात, आणि ओरखडे कुणी पाडले तर गारेच्या कणांनी.
- एक चांगला चुंबक आणि एक पातळ प्लास्टिकची पिशवी. चुंबक पिशवीत घालूनच मातीत फिरवायचा. नागडा चुंबक मातीत घातलात तर त्याला चिकटलेली काळी पूड आयुष्यभर निघत नाही.
- खुरपी, जुना रंगाचा ब्रश, स्टीलचं ताट.
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या, कमीत कमी बारा.
- शिसपेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. पेनने लिहू नका. ओली माती आणि शाई यांचं जमत नाही. चिठ्ठी पिशवीच्या आत एक, बाहेर एक.
- व्हिनेगरची छोटी बाटली. नसेल तर लिंबू.
- एक मग आणि दोन बाटल्या पाणी, पिण्याचं वेगळं.
- मोबाइल. प्रत्येक ठिकाणाचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश.

प्रयोगशाळेतलं आम्ल वगैरे आणू नका. गरज नाही, आणि बॅगेत सांडलं की काय होतं ते मी बघितलंय.

३. कधी जायचं, कुठे हात लावायचा नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घातला तर चप्पल तिथेच राहते आणि तुम्ही पुढे जाता. एप्रिल-मेमध्ये भेगा छान दिसतात हे खरं, पण पंचेचाळीस अंशांत टेकडी चढायची माझी तरी आता तयारी नाही.

वनखात्याची जमीन असेल तर आधी विचारा. शेतात जायचं तर शेतकऱ्याला विचारा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा मिळाला आहे. मनसरच्या उत्खननाच्या जागेतली आणि रामटेकच्या मंदिरांच्या आवारातली माती उचलू नका. ती इतिहासाची आहे, तुमच्या पिशवीची नाही. खाणींच्या कुंपणाच्या आत जायचा प्रश्नच नाही. आणि प्रत्येक ठिकाणी मूठ-दोन मुठी, बस्स.

४. पहिली टेकडी: बेसाल्ट

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की दहा-बारा किलोमीटरवर फेटरीच्या बाजूला बोडक्या टेकड्या लागतात. यातली कुठलीही एक घ्या. पण माती भरायच्या आधी उघडा पडलेला एखादा कडा किंवा जुनी खदान शोधा आणि दहा मिनिटं नुसतं बघा.

खाली निळसर काळा टणक दगड दिसेल. त्याच्यावर गोल गोल धोंडे, आणि धोंड्यांभोवती कांद्यासारखे पापुद्रे. दगडाला आधी उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी शिरतं, आणि कोपरे सगळ्या बाजूंनी झिजत झिजत चौकोनी ठोकळ्याचा गोटा होतो. पापुद्रे हाताने सोलता येतात. आणखी वर तोच दगड पिवळट तपकिरी, बोटाने चुरडता येईल असा: हा मुरूम. आणि सगळ्यात वर वीतभर माती. दगडापासून मातीपर्यंतचा अख्खा प्रवास एका नजरेत दिसतो. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे फार स्वच्छ आहे.

आता तीन ठिकाणची माती घ्या: माथा, मधला उतार, पायथा. पालापाचोळा बाजूला सारा, वरची दोन-तीन बोटं माती खरवडून टाका आणि खालची घ्या.

माथ्यावर फार काही मिळणार नाही. खुरपी लगेच दगडाला लागेल. हीच ती बरड, म्हणजे उथळ खडकाळ जमीन. पावसाचं पाणी जितकी माती बनते तितकी धुवून नेतं, म्हणून ती कधीच खोल होत नाही. रंग तपकिरी, कधी लालसर, कारण पाणी निचरून जातं आणि लोह गंजतं. मधल्या उतारावर हातभर मुरमाड माती. पायथ्याला मात्र खुरपी कोयत्यासारखी मारावी लागेल इतकी चिकट काळी, आणि कितीही खोल गेलं तरी काळीच. मूळ दगड एकच असून तिघींचे रंग वेगळे का? उतारावरून बारीक माती तर खाली येतेच, पण पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही खाली येऊन साठतं, आणि त्या साठ्यात स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकणमाती तयार होते. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून भेगा. टेकडीच्या उतारावर मातींची अशी जी साखळी लागते तिला 'कॅटेना' म्हणतात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी १९३५ साली हा शब्द मातीशास्त्रात आणला. लॅटिनमध्ये अर्थ साखळीच.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात.

एक: काळी म्हणजे कुजलेल्या पाल्याने भरलेली, असा समज. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही खाली असतो. थोडक्याच कर्बाने ती इतकी काळी दिसते, कारण तो या चिकणमातीला घट्ट बिलगून बसतो.

दोन: पायथ्याच्या मातीत थर शोधत बसणं. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती, काडीकचरा, अगदी बांगडीची काच त्यात पडते, पावसाळ्यात भेग मिटते. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते. मला एकदा दोन हात खोल बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडला होता. तो काही ट्रॅपच्या काळातला नव्हता.

तीन: पांढरे खडे दिसले की "गार!" म्हणून ओरडणं. आधी व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती चुनखडी आहे, बेसाल्टमधल्याच कॅल्शियमपासून इथे मातीत बनलेली. व्हिनेगर थंड दिवसात हळू काम करतं. खडा थोडा चुरडा, कानाशी धरा, बारीक चरचर ऐकू येते.

याच टेकडीवर पाण्याचा एक खेळ करून घ्या. पायथ्याच्या कोरड्या मातीवर एक मग पाणी ओता. आधी भेगांतून भसकन आत जाईल. तुम्हाला वाटेल, वा, काय मुरतंय. तिथेच दुसरा मग ओता, तिसरा ओता. भेगा मिटतात आणि पाणी थाळीत साचल्यासारखं वर उभं राहतं. काटोलकडचे संत्रावाले बाग लावताना नुसती काळीभोर खोल माती बघून खूश होत नाहीत, खाली मुरूम किती हातावर लागतो ते विचारतात, ते याचसाठी. मुळाशी पाणी थांबलं की संत्र्याचं झाड मरायला लागतं.

आता चुंबक. मधल्या उतारावरची माती ताटात कोरडी पसरा, पिशवीतला चुंबक फिरवा. काळी पूड मिशीसारखी उभी राहील. हे बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट. रस्त्याजवळ हा प्रयोग करू नका. गाड्यांच्या ब्रेकची लोखंडी धूळही तशीच चिकटते.

एकदा असं ताट घेऊन बसले असताना एक काका बैलजोडी थांबवून बघत उभे राहिले. "काय शोधून राहिल्या जी? रेती पायजे तं नदीवर जा न, इथं कुठं रेती भेटते?" सहज बोलून गेले, पण सरांनी वर्गात तासभर जे सांगितलं होतं ते हेच. बेसाल्टच्या टेकडीला रेती नसते.

५. दुसरी टेकडी: कामठीचा वालुकाश्म

कामठी-सिलेवाडा बाजूची बुटकी टेकाडं. कोळशाच्या खाणी याच भागात आहेत, कोळसा या वालुकाश्माच्या खालच्या थरांत आहे. दगड पिवळा, तांबूस, कुठे विटकरी. एक तुकडा उचला आणि अंगठ्याने घासा. कण सुटून हातावर येतात.

इथे माती बनायला फार काही घडावंच लागत नाही. पंचवीस कोटी वर्षांच्या आसपास कुठल्यातरी नद्यांनी आणून टाकलेली रेती लोहाच्या आणि चिकणमातीच्या गोंदाने चिकटून दगड झाली होती. आता गोंद सुटतो आणि तीच रेती पुन्हा रेती होते. म्हणून इथला कण दुसऱ्यांदा, कदाचित तिसऱ्यांदा प्रवासाला निघालेला आहे. भिंगाखाली बघाल तर कोपरे थोडे मोडलेले, आणि अंगावर गंजाचा पिवळा-लाल मुलामा.

माथा आणि पायथा यांत रंगाचा फरक फेटरीइतका नाही. मगभर पाणी ओता, तिथल्या तिथे गडप. चुंबकाला फारसं काही लागत नाही. तीन पिशव्या भरा आणि पुढे चला.

६. तिसरी टेकडी: मनसर-रामटेक

महामार्गाने मनसरपर्यंत आणि तिथून उजवीकडे रामटेक. इथले खडक एके काळी रेती आणि चिखलच होते, पण पृथ्वीच्या पोटात खोल गाडले जाऊन उष्णतेने आणि दाबाने बदलले. रेतीचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा अभ्रकाने चकाकणारा शिस्ट.

क्वार्ट्झाइट म्हणजे जवळजवळ नुसती गार, कण एकमेकांत वितळल्यासारखे घट्ट. कामठीच्या तुकड्यासारखा अंगठ्याने घासून बघा, अंगठा झिजेल. असा दगड सहजी सडत नाही, म्हणून आजूबाजूचं सगळं झिजून गेलं तरी त्याच्या टेकड्या उभ्या राहतात. आणि न सडणाऱ्या दगडाची माती ती काय होणार! उतारावर धारदार खडे, फटींमध्ये ओंजळभर फिकी माती, त्यात सागाची नाहीतर गवताची मुळं दाटीने शिरलेली. शिस्टचं वेगळं. तो पानांसारखा सुटतो आणि त्याची माती जरा जास्त होते, मऊ, लालसर. ती तळहातावर घेऊन झटका: माती पडते, चमक हाताला राहते. घरी जाईपर्यंत लोक विचारतात, लग्नाला गेला होता का.

मनसरला एक मोठा चकवा आहे. रस्त्याच्या बाजूला काळीशार माती, काळे जड खडे. बेसाल्ट म्हणून पिशवी भरू नका. मनसर मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. या काळ्याचा डाग बोटाला कोळशासारखा लागतो आणि खडा त्याच्या आकाराच्या मानाने फार जड वाटतो. दुसरा चकवा रामटेकच्या चढावर: पायऱ्या आणि रस्त्याच्या बांधकामाची रेती सगळीकडे सांडलेली असते. पायवाटेपासून निदान पन्नास पावलं आत जा. हे माझ्या नऊ पिशव्यांच्या अनुभवावरून सांगतेय.

वेळ असेल तर रामटेकहून आग्नेयेला, मौदा-भंडाऱ्याच्या दिशेने थोडं पुढे जा. कपाशी मागे पडून धानाचे बांध सुरू होतात. पाऊस तिकडे थोडा वाढतो हे खरं, पण मातीही बदललेली असते. तिकडचे शेतकरी मातीला नुसतं काळी-लाल म्हणत नाहीत. काळी भारी ती कन्हार, त्याहून हलकी मोरांड, पिवळसर रेताड ती सिहार, खडकाळ ती बरडी. कुणी म्हातारे बाबाजी भेटले तर तुमच्या पिशव्या त्यांना दाखवा आणि नावं विचारा. चिठ्ठीवर ते नावही लिहा.

७. घरी: बाटली

प्रत्येक पिशवीतली माती सावलीत वाळवा, ढेकळं हाताने फोडा (खलबत्त्यात कुटू नका, मऊ कणांचा भुगा होतो) आणि चहाच्या गाळणीने मोठे खडे काढा. मग सरळ बाजूंची काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवा.

साधारण एका मिनिटात जे तळाला बसतं ती वाळू. तिथे बाटलीला चिठ्ठी चिकटवून पेन्सिलीने खूण करा. दोन तासांनी जो थर त्यावर बसलेला असेल तो पोयटा. उरलेलं जे गढूळ तरंगत राहतं ती चिकणमाती. मातीशास्त्रात वाळू म्हणजे ०.०५ ते २ मिलिमीटर आणि चिकणमाती म्हणजे ०.००२ मिलिमीटरच्या खालची; बाटलीच्या खुणा या मापांच्या जवळपास जातात, तंतोतंत नाही. प्रकल्पात लिहायचं असेल तर 'अंदाजे' लिहा.

रामटेकची बाटली रात्रीतून निवळते. फेटरीच्या पायथ्याची बाटली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा दिवस चहासारखी उभी होती. घाई करून ओतू नका.

शिस्टच्या मातीची बाटली मात्र उन्हात ठेवून बघा. अभ्रकाचे पापुद्रे वाळूएवढे मोठे असूनही पानासारखे डोलत डोलत सावकाश उतरतात आणि पोयट्याबरोबर बसतात. म्हणून या बाटलीत वाळू आहे त्यापेक्षा कमी भरते. नवखे लोक इथे आकडा चुकवतात.

८. भिंगाखाली शंभर कण

आता तळाची वाळू हवी. बाटली हलवा, मिनिटभर थांबा, गढूळ पाणी ओतून द्या, नवं पाणी घाला. पाणी स्वच्छ होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा वेळा. उरलेले कण ताटात वाळवा आणि पांढऱ्या व काळ्या अशा दोन्ही कागदांवर बघा; फिके कण पांढऱ्यावर दिसतच नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरू करून शंभर कण मोजा. आवडते कण निवडू नका. प्रत्येकाला चमकदार कण आधी दिसतात.

ओळख अशी करा. काचेच्या फुटक्या तुकड्यासारखा, पारदर्शक किंवा धुरकट, कुठेही सपाट पृष्ठभाग नाही: गार. दुधी किंवा गुलाबी, फिरवला की एखादी सपाट बाजू आरशासारखी एकदम चमकून विझते: फेल्डस्पार. पापुद्रा: अभ्रक. करडा-तपकिरी, निस्तेज, चमच्याच्या पाठीने दाबला की चुरा होणारा: बेसाल्टचा तुकडा. पांढरा, मऊ, व्हिनेगरने न फसफसणारा, फेटरीच्याच पिशवीत: बहुधा झिओलाइट, बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेलं खनिज.

बेसाल्टच्या पिशवीत वाळू म्हणून जे मिळतं ते खरं तर दगडाचेच बारीक तुकडे असतात. त्यातली खनिजं इतकी बारीक की एकेक सुटी झाली तरी वाळूएवढी भरत नाहीत. आणि जी आहेत ती, म्हणजे पायरॉक्सिन आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार, लवकर सडणारी. सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ साली खनिजं सडायचा क्रम मांडला. लाव्हा थंड होताना जे आधी घट्ट होतं ते जमिनीवर आधी सडतं, आणि गार सगळ्यात शेवटी. बेसाल्टमध्ये शेवटपर्यंत टिकणारं असं काही नसतंच, म्हणून त्याची वाळू होत नाही, चिकणमाती होते. रामटेककडे टिकणारंच जास्त, म्हणून रेती जास्त आणि माती कमी.

यावरून एक नियम हाताशी येतो: बेसाल्टच्या टेकडीवरच्या मातीत काचेसारखे स्वच्छ गारेचे कण बरेच निघाले, तर ते पाहुणे आहेत. भराव, रस्ता, बांधकाम, काहीतरी झालंय. अपवाद एकच. बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक आणि त्याच्या जातीच्या गारगोट्या असतात, त्यांचे तुकडे निघू शकतात. ते मेणचट, दुधाळ दिसतात, काचेसारखे लख्ख नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघितले की पुन्हा गोंधळ होत नाही.

९. जमल्यास नदीची एक मूठ

कन्हान नदी सातपुड्यातून येते, बेसाल्टही ओलांडते आणि जुने खडकही. कामठीजवळ काठावरची मूठभर रेती घ्या. मूठभरच, रेतीच्या बाबतीत महसूल खातं फार जागरूक असतं आणि तुमच्या भिंगाशी त्यांना घेणं-देणं नाही. तिच्यातले शंभर कण मोजताना गार आणि फेल्डस्पारचीच गर्दी दिसेल, मधूनच अकिकाचा एखादा मेणचट दाणा, आणि बेसाल्टचे काळे तुकडे दिसलेच तर कोपरे गेलेले, गुळगुळीत. गारेचे कण मात्र इतक्या प्रवासानंतरही बऱ्यापैकी धारदार असतात. वाळूएवढा गारेचा कण गोल व्हायला फार म्हणजे फारच वेळ लागतो. म्हणून नुसता धारदार कण बघून "हा इथलाच, जवळचाच" असं लिहू नका. कोण धारदार आहे ते आधी बघा.

सगळं झाल्यावर उरलेली माती आणि बाटल्यांतलं गढूळ पाणी कुंडीत किंवा अंगणात ओता. बेसिनमध्ये नको. फेटरीच्या काळ्या मातीने आमच्या स्वयंपाकघराचा पाइप असा तुंबला होता की प्लंबरला दोनदा यावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी त्याने आईला विचारलं, "मॅडम, घरात मडकी बनवता का?"